यादीतली त्रेचाळिसावी सूचना

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. किंवा माझी यादी तुमच्याही घरात असेल म्हणून. सातारा-सांगलीकडचं कुणी पोर तुमच्या नात्यातून वर्षभरासाठी जपानला गेलं असेल, तर ती यादी तुमच्याकडे नक्की असणार.

यादीबद्दल आधी सांगते. एरवी मी सरळ मुद्द्यावर येणारी बाई आहे, पण इथे — जमत नाहीये.

मी कराडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं भांडार सांभाळते. काचेची नळकांडी, बाटल्या, तराजू. कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. घरीही तसंच. मलकापूरच्या आमच्या घरात फ्रिजवर यादी, कपाटाच्या दारावर आतून यादी, गावाला निघताना बॅगेच्या झाकणात यादी. नवरा सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला, आता एका कारखान्यात नोकरीला आहे, तो म्हणतो, "आमच्या पलटणीला तू पायजे होतीस. निम्मी लढाई वाचली असती."

आमची एकुलती एक मुलगी अनुजा. दहावीनंतर तिची निवड झाली — दहा महिने जपानमध्ये, एका कुटुंबात राहून तिथल्या शाळेत जायचं. संस्थेनं इंग्रजीत छापलेले काही कागद दिले होते. ते गुळगुळीत होते, कामाचे नव्हते. मग मीच वही घेऊन बसले. जाऊन आलेल्या मुलांना फोन केले, त्यांच्या आयांना फोन केले, आणि बेचाळीस सूचना काढल्या.

त्या चांगल्या सूचना होत्या. आजही मी त्यातला शब्द बदलणार नाही. चपला काढल्यावर त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवणे. संडासाच्या सपाता वेगळ्या असतात, त्या घालून बाहेर न येणे. बाहेर जेवणार असाल तर दुपारच्या आत घरी कळवणे, कारण ताट मोजून वाढलेलं असतं. कचरा कुठल्या दिवशी कुठला, हे पहिल्या दिवशी लिहून घेणे. भेट दिलेली वस्तू त्यांनी समोर उघडली नाही तर वाईट वाटून न घेणे. काल केलेल्या गोष्टीबद्दल आज भेटल्यावर पुन्हा आभार मानणे. बाहेरून घरात येताना 'तादाइमा' म्हणजे 'आले मी' असं म्हणणे. घरातलं माणूस 'ओकाएरी' म्हणतं.

आणि पाचवी सूचना — यजमान बाईंना काकू, मॅडम असं काही न म्हणता 'ओकासान' म्हणणे. ओकासान म्हणजे आई.

ही पाचवी मीच लिहिली. माझ्या हातानं, निळ्या शाईत, खाली रेघ ओढून. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं. एक शब्द तर होता.

अनुजा ज्यांच्या घरी राहिली त्या फुमिकोसान साठीच्या पुढच्या. नवरा वारलेला, मुलगा दूरच्या शहरात. चहाच्या मळ्यांच्या उतारावर त्यांचं घर. त्यांना एका कानानं कमी ऐकू येत असे, फोनवर तर काहीच नाही. साधा घडीचा फोनही त्या वापरत नसत. बोलायचं ते समोर बसून, नाहीतर पोस्टकार्डावर. कार्डावर त्या रंगानं चित्र काढायच्या — मुळा, मासा, छत्री — आणि बाजूला दोन ओळी.

अनुजा दर रविवारी सकाळी तिच्या फोनवरून व्हिडिओ लावायची. पहिल्याच आठवड्यात तिनं आंघोळीचा गोंधळ सांगितला. तिथे आधी बाहेर बसून साबण लावून अंग धुवायचं, मग नुसतं गरम पाण्याच्या टबात बसायचं. आणि निघताना पाणी सोडायचं नाही, कारण त्याच पाण्यात नंतर घरातलं दुसरं माणूस बसतं. कुणी पाहुणं पोर असलं तर त्याला आधी पाठवतात. आता आपली मुलगी स्वतः आंघोळ केलेलं पाणी म्हाताऱ्या बाईसाठी ठेवेल का? अनुजानं तीन दिवस टबाचं बूच काढलं, वर टब घासून ठेवला. चांगलं वळण दाखवायला. आणि तिन्ही दिवस फुमिकोसान काही न बोलता पुन्हा टब भरत राहिल्या, पाणी तापवत राहिल्या. चौथ्या दिवशी त्यांनी चित्र काढून दिलं — टब, टबात दोन वेण्यांची मुलगी, आणि दाराबाहेर टॉवेल घेऊन ताटकळत उभी असलेली एक म्हातारी. दोघी म्हणे पोट दुखेपर्यंत हसल्या.

मी ते नवव्या सूचनेत घातलं. लिहिताना मनात आलं — त्या जागी मी असते तर पहिल्याच दिवशी ओरडले असते.

ते पहिलं टोचणं. किती बारीक होतं. लक्षात येण्यासारखंही नव्हतं.

मग एका रविवारी व्हिडिओ लागला तेव्हा अनुजा जमिनीवर बसली होती आणि फुमिकोसान मागे खुर्चीवर. त्यांचे हात अनुजाच्या डोक्यावर. मी दिलेल्या खोबरेल तेलाची बाटली शेजारी.

"आई, बघ ना, ओकासानला मी तेल लावायला शिकवलं. भारी लावते."

तुम्हाला सांगते — सातवीपासून या मुलीनं मला तिच्या केसांना हात लावू दिला नव्हता. 'तू ओढतेस' म्हणायची. खरं होतं, मी ओढायचे. सकाळी साडेसातची बस असायची, माझा डबा, तिचा डबा, ह्यांचा डबा, हळू हात कुठून आणायचा?

मी म्हणाले, "छान." आणि फोन ह्यांच्याकडे दिला.

जून महिन्यात ती परत आली. विमानतळावर मला मिठी मारली, रडली, सगळं रीतसर झालं. पण घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्यात 'आमच्याकडे' यायला लागलं. आमच्याकडे भात असा नाही करत. आमच्याकडे गादी रोज उन्हात टाकतात. हे 'आमच्याकडे' म्हणजे आमचं घर नव्हे, ते. चहा दिला की 'थँक्यू आई' म्हणायची. काल केलेल्या थालिपिठाबद्दल आज पुन्हा. घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? मला परक्यासारखं वाटायचं. विट्याहून माझी नणंद आली होती, तिनं तर सगळ्यांसमोर म्हटलं, "आवं वयनी, ही तिकडचीच झाली की. पोरगी आनायला गेलावता का पावनी?" सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्यानं माझे दात दुखले.

आणि रोज संध्याकाळी दार उघडून ती म्हणायची, "तादाइमा."

उत्तर काय द्यायचं ते मला ठाऊक होतं. माझ्याच यादीत होतं ते, अकराव्या क्रमांकावर. मी एकदाही दिलं नाही. 'हात धू' म्हणायचे.

आता डब्याकडे येते. यायलाच हवं.

ती जाताना मी तिच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी दिली होती, माझ्या लग्नातल्या स्टीलच्या डब्यात. माझ्या आईनं दिलेला, झाकणावर 'सौ. सुनंदा' असं नाव घातलेला. चटणी संपली, डबा तिथेच राहिला. अनुजानं त्यांना सांगितलं होतं की आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. ती परत आल्यावर जुलैमध्ये फुमिकोसानचं पहिलं कार्ड आलं. त्यावर डब्याचं चित्र होतं, आणि ओळ अशी — थंडी पडली की आमच्या झाडाची फळं वाळतील, ती भरून डबा पाठवीन, वाट बघ.

ते कार्ड मी घरी आणून दिलं. माझ्याच हातानं. आमचं घर दिवसभर बंद असतं, म्हणून संस्थेच्या फॉर्मवर मी पत्ता कॉलेजच्या भांडाराचा दिला होता. हीसुद्धा माझी व्यवस्था. अनुजानं कार्ड वाचलं, ह्यांना वाचून दाखवलं, शेजारी जाऊन दाखवून आली. मग दोन पत्रं लिहिली, ती मी टाकली. आणि ती डब्याची वाट बघायला लागली. 'थंडी पडली का गं तिकडे?' असं स्वतःशीच विचारायची. तिथलं वर्ष अकरावी म्हणून धरलं गेलं होतं; आता बारावीचा अभ्यास, पुढे पुण्याला जपानी भाषा घ्यायची असं पक्कं ठरलेलं. भिंतीवर त्या अक्षरांचे तक्ते.

जानेवारीत डबा आला.

आमच्या भांडारातले शिपाई बाबरमामा खोकं घेऊन आले. "म्याडम, लय लांबनं आलंय. तिकिटं बगा कसली हायती. माज्या नातवाला देशीला का?" मी तिकिटं कापून त्यांना दिली. मग खोकं उघडलं. कागदात, कापडात, पुन्हा कागदात गुंडाळलेला माझा डबा — घासून असा लखलखीत केलेला की लग्नात पहिल्यांदा पाहिला तेव्हाही तसा नसेल. आत वाळवलेली फळं, तपकिरी, वर साखरेसारखी पांढरी पावडर धरलेली. एक बंद पाकीट अनुजाच्या नावाचं. आणि एक कार्ड.

कार्ड माझ्यासाठी होतं. वर देवनागरीत लिहिलं होतं — 'सौ. सुनंदा'. झाकणावरचं नाव बघून बघून काढलेलं, लहान मुलानं गिरवावं तसं. खालचा मजकूर जपानीत. मी फोन धरून त्याचं भाषांतर केलं. तोडकंमोडकं आलं, पण कळलं. लिहिलं होतं की डब्याला उशीर झाला, क्षमा करा. मुलीच्या खोलीतली गादी मी अजून उन्हात टाकते. तुम्ही तिला सोळा वर्षं वाढवलंत आणि मला दहा महिने दिलेत, मी आभारी आहे.

त्या बाईनं बढाई मारली असती तर बरं झालं असतं. 'तुमची मुलगी मला आई म्हणते' असं काही लिहिलं असतं, तर मी चिडले असते आणि डबा घरी नेऊन आपटला असता. पण आभार? मला कुणी विचारून तिला दिली होती का मुलगी? मी दहा महिने शिकायला पाठवलं होतं. दिली नव्हती.

मी फळं बशीत काढली आणि ऑफिसात फिरवली. बाबरमामा म्हणाले, "लय ग्वाड हाय. कुनी पाठवलं म्हनायचं?"

"एका कंपनीनं," मी म्हणाले. "नमुना आहे."

रिकामा डबा, कार्ड आणि बंद पाकीट मी तिसऱ्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं. फुटक्या काचेच्या वस्तू ठेवायचं कपाट, त्याची किल्ली फक्त माझ्याकडे असते.

त्या संध्याकाळी अनुजानं विचारलं, "आई, डबा आला का गं?"

रोजच विचारायची. त्या दिवशीही रोजच्यासारखंच, पुस्तकातून मान वर न करता.

"नाही."

मार्च आला. तिकडे थंडी संपली असणार, हे तिलाही कळत होतं. एक दिवस म्हणाली, "पोस्टात हरवला असेल, नाही का?"

बघा, तिनं मला वाट काढून दिली होती. 'हो, हरवला असेल' एवढं म्हणायचं होतं मला. खोटं ते खोटंच राहिलं असतं, पण तिची ओकासान तिच्यापाशी राहिली असती. मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "पोस्टात असं काही हरवत नाही, बाळ. लोक विसरतात."

हे आहे ते. हेच सांगायचं होतं.

रागात नाही म्हणाले. भांडणात नाही. वाटाणे सोलत होते, शांत होते, आणि तिचा चेहरा कसा होतो ते बघत होते. तिचा चेहरा काही झाला नाही. ती फक्त 'अच्छा' म्हणाली. आणि मला — लिहायला लाज वाटते — मला हलकं वाटलं.

तिनं तिसरं पत्र लिहिलं आणि टाकायला माझ्याकडे दिलं. ते मी टाकलं नाही. टाकलं असतं तर सगळं उघडं पडलं असतं. संस्थेमार्फत विचारू का, असं तिनं विचारलं. मी सांगितलं की वर्ष संपल्यावर यजमानांना परस्पर त्रास द्यायचा नाही असा नियम आहे. असा कुठलाही नियम नव्हता. फुमिकोसानची आणखी तीन पत्रं आली, दोन माझ्या नावानं, एक तिच्या. माझ्या नावाची मी वाचली. पहिल्यात — डबा पोहोचला का? दुसऱ्यात — फळांमुळे कुणाला त्रास तर झाला नाही ना? तिसरं मी उघडलं नाही. त्यानंतर आलं नाही.

अनुजाच्या खोलीतले तक्ते उन्हाळ्यात उतरले. पुस्तकं तिनं शेजारच्या मुलीला दिली. पुण्याला गेली ती वाणिज्य शाखेला. ह्यांनी विचारलं तेव्हा म्हणाली, "कंटाळा आला पप्पा त्याचा." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी भाजी ढवळली.

आणि त्याच सुमारास यादी मागायला लोक यायला लागले. कराडमधून, सांगलीहून, फलटणहून. मी नीट टाइप करून दिली. टाइप करताना शेवटी एक ओळ वाढवली — त्रेचाळिसावी. 'परत आल्यावर यजमान कुटुंबाकडून फार अपेक्षा ठेवू नये; ते लोक व्यवहारी असतात, पत्रव्यवहार वाढवू नये.' का घातली? घरातल्या खोट्याला छापील आधार हवा होता, म्हणून. अनुजानं ती वाचली. म्हणाली, "बरोबर आहे हे."

सहा वर्षं झाली. मागच्या महिन्यात सांगलीला सभा होती, जपानला जाणाऱ्या मुलांच्या पालकांची. आता या यादीचं पुस्तक करायचं म्हणतात, प्रस्तावना मी लिहायची. चहाच्या वेळी तासगावच्या एक बाई माझ्याजवळ आल्या. माझ्यासाठी बेदाण्याचा पुडा आणला होता त्यांनी.

"ताई, तुमच्या यादीनं लय आधार झाला बगा. आमच्या रेश्माला त्या लोकांची तीन पत्रं आली परत. म्हातारा म्हातारी हायत दोघं. ती लिवायला बसली हुती उत्तर, पर मी म्हटलं, ताईंनी लिवलंय न्हवं, वाढवायचं न्हाई म्हनून. न्हाई लिवू दिलं. बरुबर केलं का न्हाई?"

त्या माझ्याकडे बघत होत्या. हातात चहाचा कप होता. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

"बरोबर केलंत," मी म्हणाले.

बेदाण्याचा पुडा घरी आणला. अजून फोडलेला नाही.

अनुजा आता पुण्यात एका विमा कंपनीत आहे. महिन्यातून एकदा शनिवारी येते. सगळे म्हणतात मुलगी समंजस आहे, कुणाकडून काही अपेक्षा ठेवत नाही. वाढदिवसाला मैत्रिणींचे फोन आले नाहीत तरी तिला वाईट वाटत नाही. 'लोक विसरतात' म्हणते, सहज. माझेच शब्द, त्याच सुरात. दार उघडून आत येते, चपला काढते, त्यांची तोंडं दाराकडे करून ठेवते — तेवढं राहिलंय. आत येताना काही म्हणत नाही.

मला आता मत्सर कुणाचा वाटत होता तेही नीट आठवत नाही. तेल लावणाऱ्या हातांचा? हसण्याचा? की त्या बाईला माझी मुलगी आवडते हे सांगायला एका कार्डात जमलं, याचा? कारण काही असो, त्यानं फरक पडत नाही. फुमिकोसान सत्तरीकडे आल्या असतील. आहेत की नाहीत, मला माहीत नाही. चौकशी करायचं धाडस मी सहा वर्षांत केलेलं नाही.

काल मी भांडारातलं लोखंडी कपाट उघडलं. डबा काळवंडला होता. घरी आणून घासला. त्यांनी घासला होता तसा निघाला नाही. आत माझं कार्ड ठेवलं, माझ्या नावाची दोन पत्रं, अनुजाच्या नावाची दोन बंद पाकिटं, आणि तिचं स्वतःचं, मी न टाकलेलं. झाकण लावलं.

डबा ओट्यावर आहे. आज अनुजाचा यायचा शनिवार. दुपारची बस पावणेतीनला येते.